कुसुमताईंचा नेम आणि खोटं नाव सांगणारा फोन

पवनीच्या कुसुमताईंनी त्या वर्षीच्या चातुर्मासात खोटं बोलणं सोडलं, आणि आळीतल्या लोकांनी कुसुमताईंना काही विचारणं सोडलं.

तशा कुसुमताई नेमधर्माच्या बाई. दर आषाढी एकादशीला काहीतरी सोडायचं आणि कार्तिकी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, द्वादशीला, देवापुढे नारळ फोडून ते पुन्हा धरायचं. वांगी सोडून झाली होती, दही सोडून झालं होतं, एका वर्षी पलंग सोडला होता आणि त्याबदल्यात कंबर धरली होती. यंदा देवळातल्या महाराजांनी कीर्तनात सगळ्यांना फैलावर घेतलं. "जे तसंबी आवडत नाही ते कायले सोडता रे बापा? सोडताना जीव दुखला पायजे!" कुसुमताईंना वांगी मुळातच आवडत नव्हती. त्या घरी आल्या, तुळशीपुढे दिवा लावला आणि हातावरून पाणी सोडलं : चार महिने खोटं बोलणार नाही.

पहिला फटका शेजारच्या सुशीलाबाईंना बसला. त्या सवयीप्रमाणे सांबारवडीची, म्हणजे कोथिंबीर भरलेल्या वडीची, ताटली घेऊन आल्या आणि सवयीप्रमाणे म्हणाल्या, "कशी झाली जी?"

कुसुमताईंनी शांतपणे घास संपवला. "जराशी कच्ची आहे. अन् मीठ दोनदा पडलं वाटते."

कुसुमताईंचा आवाज इतका मऊ की आपला अपमान झाला हे माणसाला आपल्या घरी पोचल्यावर कळायचं. सुशीलाबाईंना अंगणातच कळलं. त्यानंतर ताटली येत राहिली, पण प्रश्न येईना.

घरातही तीच गत. भैय्यालाल, म्हणजे कुसुमताईंचे यजमान, आधीच कमी बोलायचे. त्यांचा कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्यांचा माग समोरच्या खोलीत होता. होळीच्या सुमारास त्यांची एक साडी व्यापाऱ्याने परत पाठवली. "आता हे कोन नेसते?" म्हणत भैय्यालालांनी साडी कपाटात ठेवली, मागावर जुनी चादर टाकली आणि टीव्हीसमोर बसले ते बसलेच. आता ती खोली बसस्टँडजवळच्या ईश्वरला हवी होती. त्याला तिथं मोबाइलचं दुकान टाकायचं होतं. त्याने पाटीसुद्धा रंगवून ठेवली होती. फक्त पत्ता लिहायचा राहिला होता.

"दसऱ्याले मागाची पूजा करतो," भैय्यालाल म्हणाले, "अन् दुसऱ्या दिवशी खोलून टाकतो."

या घरात सून म्हणून आल्यापासून कुसुमताईंचा सकाळचा जप त्या मागाच्या तालावर चालत आला होता. आत माळेचा मणी सरकायचा, बाहेर मागावर आडवा धागा नेणारा धोटा सरकायचा. होळीपासून त्यांच्या जपाला ताल नव्हता. कधी एकच मणी दोनदा मोजला जायचा, कधी मेरुमणी येऊन गेलेला कळायचा नाही. देवाला हिशेब लागतो असं नाही, पण कुसुमताईंना लागायचा.

अशात नागपूरहून मुलीचा, कीर्तीचा, फोन आला. दिवाळीनंतर महिनाभराने तिकडे वैनगंगा विणकर मेळावा भरणार होता. तिथं जागा मिळाली की विणकराने स्वतः बसायचं, स्वतः विकायचं, मधला व्यापारी नाही. अर्ज मात्र फक्त इंटरनेटवर. पोळ्याच्या आदल्या दिवशी मुदत संपणार.

भैय्यालालांनी टीव्हीचा आवाज कमी केला, हीच मोठी गोष्ट. "जागा भेटली तर माग राहील. नाही भेटली तर ईश्वरले किल्ली देतो. मंग मले कोनी काही म्हनू नका."

म्हणजे सगळं त्या अर्जावर आलं.

घरात एक संगणक होता. मुलाने, अनुपने, नवा घेतल्यावर आपला जुना आईकडे आणून ठेवला होता. कुसुमताई त्यावर सकाळी भूपाळ्या लावायच्या, दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहायच्या आणि एरवी क्रोशाच्या रुमालाखाली झाकून ठेवायच्या. त्या दिवशी त्यांनी आंघोळ करून, दिवा लावून संगणक सुरू केला आणि मेळाव्याचं पान उघडलं. पडद्यावर अक्षरं आली :

"क्षमस्व. आपण जुन्या संगणकावरून, जुन्या ब्राउझरने आला आहात. प्रवेश नाही."

कुसुमताईंनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. "जुना आहे म्हून ह्याले कोनं सांगतलं?"

अशा वेळी सल्ला द्यायला आळीतले परसराम भाऊजी असायचेच. जन्मभर तहसिलीत येणाऱ्या टपालावर शिक्का मारून ते निवृत्त झाले होते, त्यामुळे जगात येणारी कुठलीही गोष्ट आपल्या हाताखालून जाते असं त्यांना वाटायचं. ते खुर्ची ओढून बसले.

"तिकडून दिसते ताई."

"काय दिसते?"

"सगळं."

कुसुमताईंची नजर मागे गेली. खुर्चीमागच्या दोरीवर घरातले टॉवेल वाळत होते आणि त्यांच्या अंगावर घरातली विटकी साडी होती. त्या उठल्या, दोरी रिकामी केली, लग्नकार्यातली जांभळी साडी नेसल्या, कुंकू ठळक केलं आणि पुन्हा बसल्या. "क्षमस्व," संगणक म्हणाला.

"साडीनं मानून नाही राहिला," परसराम भाऊजी म्हणाले. "थांबा, मी नवीन ब्राउझर उतरवतो."

त्यांनी काय उतरवलं ते त्यांचं त्यांना माहीत. पडद्यावर एक हसरी बाई आली आणि पत्ते खेळायला बोलावू लागली. एका कोपऱ्यात दाबलं की ती दुसऱ्या कोपऱ्यातून यायची. समोरच देव्हारा. कुसुमताईंनी लगबगीने पडदा भिंतीकडे फिरवला. भिंतीकडे तोंड करून ती बाई बराच वेळ बोलावत राहिली, मग संगणकानेच मान टाकली.

राहिला फोन. फोनवर पान उघडलं, आणि तिथं तर वेगळीच अक्षरं : "आपण मोबाइलवरून आला आहात. कृपया संगणकावरून यावे."

भैय्यालाल टीव्हीपुढून उठून आले, दोन्हीकडे पाहिलं आणि होळीपासूनचं सगळ्यात लांब वाक्य बोलले. "संगणकानं गेलं तं म्हातारा म्हनते, मोबाइलनं गेलं तं मोबाइल म्हनते, आता काय पायी जाऊ?"

चौकातल्या मनिषचं इंटरनेटचं दुकान बंद होतं. शटरवर खडूने लिहिलं होतं, "आसगावले आहो. रोवना झाला का येतो." पाऊस उशिरा लागल्याने धानाची रोपं शेतात लावायचं काम यंदा लांबलं होतं. रोवणा कधी होतो ते पाऊस जाणे, आणि मेळाव्याची मुदत काही पावसाला विचारून ठेवलेली नव्हती.

शेवटी कुसुमताईंनी कीर्तीला फोन लावला. आवाज नेहमीसारखाच मऊ, पण शब्द चढलेले. "कीर्ती, मले एक सांग. मी तोंडातून शब्द काढला नाही, तं त्या दारावरच्याले कसं समजते का मी कोन अन् कायच्यातून आली?"

कीर्ती हसली. "आई, तू नाही बोलत. ब्राउझर बोलते. पान उघडायचं जे ॲप असते न, ते प्रत्येक वेबसाइटच्या दारात जाऊन आधी आपली ओळख सांगते. मी अमक्या नावाचा, अमक्या सालचा, अमक्या फोनातून आलो, मराठी समजते मले, पडदा एवढा मोठा आहे. मंग दारावरचा ठरवते, घ्यायचं का नाही."

"मले न विचारता?"

"न विचारता. दर वेळी."

"अन् साडी?"

"साडी नाही दिसत व माय."

कुसुमताईंना हायसं वाटलं, आणि जांभळ्या साडीची घडी उगाच मोडली याचं थोडं वाईटही वाटलं. पण बाकीची गोष्ट त्यांच्या डोक्यात लख्ख बसली. गुरुजी पूजेला बसले की काय करतात? आधी संकल्प. कोणता देश, कोणत्या नदीचा काठ, कोणतं साल, कोणता महिना, कोणती तिथी, गोत्र कोणतं, नाव कोणतं. देवाला हे ठाऊक नसतं थोडंच! तरी दारात उभं राहिल्यावर आपण कोण ते सांगायचं, ही रीत. "म्हंजे ब्राउझर संकल्प सोडते," त्या म्हणाल्या.

कीर्तीने तेवढ्यात एक पान पाठवलं, आपला फोन दारोदार आपली काय ओळख सांगतो ते दाखवणारं. कुसुमताई चष्मा लावून, देवघरात पोथी वाचतात त्याच सुरात वाचू लागल्या. मोझिला. मग अँड्रॉइड, फोनची जात, फोनचं कूळ. मग 'गेकोसारखा'. मग क्रोम. मग सफारी.

वाचता वाचता त्या थांबल्या. "हे काय व? एका मानसाले इतके आडनाव?"

"ते जुनं लफडं आहे. पहिले मोझिला नाव सांगणाऱ्यालेच चांगलं पान भेटे. बाकीच्यांले साधं. मंग दुसऱ्यानंबी सांगणं सुरू केलं, मीबी मोझिलाच. मंग तिसऱ्यानं दोघांचं नाव घेतलं. आता सगळेच सगळ्यांचे नावं घेतात."

कुसुमताईंच्या डोळ्यांपुढे लग्नाची पंगत उभी राहिली. पहिल्या पंगतीत फक्त नवरदेवाचा मामा बसणार म्हटल्यावर अख्खं वऱ्हाड आपण नवरदेवाचा मामा असल्याचं सांगून बसलेलं, आणि आता कोणालाच उठता येत नाही. "म्हंजे सगळेच खोटे मामा!" त्या पुटपुटल्या.

"अन् आई, हे सारं जोडून पाहिलं न, तर गर्दीतूनबी ओळखू येते. नाव नाही समजत, पन मागच्या वेळी आलता तोच हा, हे समजते."

यात कुसुमताईंना काहीच नवल वाटलं नाही. भैय्यालाल बाजारात कोणाच्याही अंगावरची साडी पाहून ती कोणाच्या मागावरची ते सांगायचे. साडीवर थोडंच नाव असतं? काठच बोलतो.

"तं आता करायचं काय?"

"सोपं आहे. फोनात कोपऱ्यात तीन ठिपके आहेत, ते दाब. खाली 'डेस्कटॉप साइट' म्हून चौकोन आहे, त्याच्यात खूण कर. मंग फोन दारात जाऊन सांगते, मी संगणक आहो. घेतील आत."

कुसुमताईंचं बोट पडद्याच्या वर येऊन थांबलं. "संगणक आहो म्हनते? पन तो तं फोन आहे."

"हो न."

"मंग ते खोटं झालं."

आईचा नेम कीर्तीला तेव्हा आठवला.

आळीत या प्रश्नावर दोन तट पडले. सुशीलाबाई म्हणाल्या, "खोटं फोन बोलून राहिला, तुमी कुठं?" परसराम भाऊजी म्हणाले, "खूण कोनं केली? म्हंजे आदेश कोनाचा? जिम्मेदारी आदेश देनाऱ्याची असते, तहसिलीत असंच आहे." भैय्यालाल उठले, मागावरची चादर थोडी सरळ केली आणि पुन्हा बसले. कुसुमताईंना ते सगळ्यात जास्त लागलं.

त्या महाराजांकडे गेल्या. महाराजांनी सुपारी कातरत सगळं ऐकून घेतलं.

"यंत्राले पाप नाही लागत, माय."

"पन खूण तं मी करीन."

"हो. तेबी आहे."

"मंग?"

महाराजांनी अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाले, "कालचं कीर्तन ऐकलं का तुमी? नका सांगू. कसं झालं ते नका सांगू." आणि आत गेले.

कुसुमताईंनी ठरवलं, ज्याचं दार त्यालाच विचारायचं. मेळावा समितीची एक शाखा भंडाऱ्याला होती. त्या सकाळच्या एसटीने निघाल्या. शाखेत सोमाजी नावाचे बाबू टेबलावर डबा उघडून बसले होते.

"अर्ज कागदावर घेता का जी?"

"नाही. पोर्टलवर."

"पोर्टल घेत नाही."

"मंग तक्रार करा."

"कुठं?"

"पोर्टलवर."

कुसुमताई हलल्या नाहीत. हळूच, आर्जवाने म्हणाल्या, "बाबूजी, तुमच्या इथूनच एकदा उघडून दाखवा न. मी पायते फक्त."

इतक्या मऊ आवाजाला नाही म्हणणं कठीण होतं. सोमाजींनी डबा बाजूला केला, कार्यालयाच्या संगणकावरची धूळ फुंकली आणि पान उघडलं. "क्षमस्व," कार्यालयाचा संगणक कार्यालयालाच म्हणाला. "आपण जुन्या संगणकावरून आला आहात."

"बाप्पा!" कुसुमताईंच्या तोंडून निघालं. "घरच्याच पंगतीतून घरच्याले उठवलं!"

सोमाजींनी दाराकडे पाहिलं, कोणी ऐकत नाही ना याची खात्री केली. "ताई, खरं सांगू? आमीबी फोनावरच करतो. तीन ठिपके. खाली खूण."

"म्हंजे तुमीबी खोटं सांगता?"

"मी कायले खोटं सांगन? फोन सांगते!" सोमाजी दुखावून म्हणाले आणि डब्याकडे वळले.

परतीच्या एसटीत कुसुमताई खिडकीशी बसल्या. दोन्हीकडे हिरवे बांध, बांधांमध्ये वाकलेल्या बाया. त्यांना वाटलं, अख्खं जग खोटा मामा होऊन पंगतीत बसलंय आणि आपण एकट्याच दारात चपला हातात घेऊन उभ्या आहोत. चपला घेऊन उभं राहण्यात पुण्य असेलही. पण आत माग होता.

वाटेतलं अड्याळ मागे पडलं तेव्हा त्यांना सुचलं. नेम खोटं न बोलण्याचा होता. खोटं घडलंच, तर ते खोटं आहे असं लगेच सांगून टाकलं, मग?

घरी येऊन त्यांनी देवाला नमस्कार केला, तीन ठिपके दाबले आणि डोळे मिटून खूण केली. दार उघडलं. अर्ज भरत भरत त्या शेवटच्या रकान्याशी आल्या. तिथं लिहिलं होतं, "इतर काही सांगायचे असल्यास". कुसुमताईंना सांगायचं होतंच. त्यांनी एका बोटाने, सावकाश लिहिलं :

"हा अर्ज मोबाइलवरून भरला आहे. मोबाइलने दारात आपण संगणक असल्याचे सांगितले ते खरे नाही. माझा चातुर्मासाचा नेम आहे म्हणून कळवते. आमचा संगणक जुना आहे म्हणून आपण घेतला नाही. भंडाऱ्याच्या आपल्या कार्यालयाचाही घेतला नाही. राग नसावा."

आणि पाठवून दिला.

भैय्यालालांनी ते वाचलं आणि कपाळाला हात लावला. "अनुपची माय! दार उघडलं होतं न? आत जाऊन पुन्हा बाहेर येऊन सांगतलं का मी चोरून आली?"

"चोरून नाही जी. सांगून."

पोळा झाला, गणपती बसले आणि उठले. समितीकडून काही नाही. ईश्वर एक दिवस फीत घेऊन आला आणि खोलीचं माप घेऊ लागला. मागाला वळसा घालताना त्याची फीत दर वेळी आखूड पडायची. "काउंटर इथं," तो म्हणाला, "बरोबर जिथं काका बसत." काका दुसऱ्या खोलीत टीव्ही पाहत होते. टीव्ही बंद होता.

नवरात्राच्या दुसऱ्या माळेला फोन वाजला. नागपूरच्या समितीतल्या गुंजन मॅडम बोलत होत्या. "कुसुमताई आपणच का? तुमचा शेवटचा रकाना वाचला. आमच्या बैठकीत मोठ्याने वाचला गेला, असं म्हणा."

"राग आला का जी?"

"आमच्याच शाखेतून पान उघडत नाही, हे आम्हाला कोणी कळवलंच नव्हतं. आता कोणत्याही फोनवरून उघडतंय. पाहून घ्या. पण मला दुसरंच विचारायचंय. इथं प्रत्येक अर्जात एकच वाक्य आहे, अस्सल हातमाग, अस्सल कोसा. कोणाचं खरं मानावं कळेना, म्हणून तुम्हाला विचारते. तुमचा माल कसा आहे?"

भैय्यालाल दारात येऊन उभे होते. हाताने खुणावत होते, सांग, अस्सल सांग, उत्तम सांग. कुसुमताईंनी डोळे खाली केले.

"उभा धागा विकतचा आहे जी. आडवा कोशाचा, तो मी स्वतः काढते. वीण हातची. पन आत्ता घरात एकच साडी आहे, अन् तिचा एका बाजूचा काठ ढिला आहे. व्यापाऱ्यानं परत पाठवली ते फॅशन गेली म्हून नाही, काठापायी पाठवली. यांले वाईट वाटू नये म्हून मी तवा बोलली नव्हती."

भैय्यालाल दाराला धरून खाली बसले.

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग मॅडम म्हणाल्या, "जागा दिली. चांगल्या काठाची घेऊन या."

फोन ठेवला तरी भैय्यालाल उठले नाहीत. "काठ ढिला होता?"

"होता."

"मले काहून नाही सांगतलं?"

"तवा नेम नव्हता न जी."

भैय्यालाल उठले. समोरच्या खोलीत गेले आणि मागावरची चादर ओढली. धूळ इतकी उडाली की सुशीलाबाई भिंतीवरून डोकावून गेल्या. दसऱ्याला मागाची पूजा झाली, झेंडूची माळ घातली, आणि दुसऱ्या दिवशी माग खोलायच्या ऐवजी त्यावर नव्या उभ्या धाग्यांचा ताणा चढला. ईश्वरने पाटीवर बाजारातल्या एका गाळ्याचा पत्ता लिहिला. जाताना म्हणाला, "काका, तिथं काउंटरले जागा जास्त आहे," म्हणजे मन राखलं.

मग भैय्यालालांना घाई सुटली. दिवाळीत फराळाला बसले की घास हातात घेऊनच उठायचे. मेळाव्याला बराच अवकाश होता, तरी घाई. कुसुमताईंना कारण कळेना. आत माळ सरकायची, बाहेर धोटा सरकायचा, आणि माग इतका भरभर चाले की जप मागे पडायचा.

कार्तिकी एकादशीला दिवेलागणीच्या आधी भैय्यालालांनी साडी मागावरून उतरवली, हातावर घेतली आणि देवघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"कशी झाली?"

कुसुमताईंना नवल वाटलं. चार महिन्यांत सुशीलाबाईंनंतर या घरात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. "उद्या सकाळी उजेडात पाहिली तं?"

"उद्या नाही. उद्या तुहा नेम सुटते. उद्या तू बायको म्हून सांगशील. आज सांग."

कुसुमताई साडी घेऊन अंगणात गेल्या. उरलेल्या उन्हात एक काठ बोटांतून सोडला, मग दुसरा. पदर पसरला. उलटी बाजू पाहिली. भैय्यालाल उंबऱ्यात उभे होते, परीक्षेच्या निकालाला उभं राहावं तसे.

"दोनी काठ घट्ट आहेत," त्या म्हणाल्या. "अन् असा पदर तुमच्या हातून मी अजून पाहिला नव्हता."

भैय्यालालांनी मान हलवली, साडी परत घेतली आणि आत गेले. जाताना पंच्याने चेहरा पुसला. उकाडा नव्हता.

दुसऱ्या दिवशी द्वादशीला नारळ फुटला, नेम सुटला. खोबऱ्याचा तुकडा तोंडात असतानाच सुशीलाबाई ताटली घेऊन आल्या. चार महिने दम धरला होता बिचारीने. "आता सांगा जी. कशी झाली?"

कुसुमताईंनी वडी खाल्ली. वडी कुरकुरीत होती, मीठ बेताचं होतं, सांबार ताजा होता. "लय छान झाली."

सुशीलाबाईंचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला. "नेम सुटला का?"

"आत्ताच."

"मंग राहू द्या," सुशीलाबाईंनी ताटली ओढली. "तुमी आता म्हनानच."

"अवं, खरंच छान झाली!"

"हो हो. आमी काय तुमाले ओळखत नाही का जी?" म्हणत सुशीलाबाई ताटली घेऊन निघून गेल्या.

कुसुमताई अंगणात उभ्या राहिल्या. मग त्यांनी तुळशीसमोरचं तांब्याभर पाणी घेतलं, पुन्हा त्याच नेमाचं म्हणून हातावरून सोडलं, आणि आत येऊन माळ हातात घेतली. समोरच्या खोलीतून धोटा सरकल्याचा आवाज आला. कुसुमताईंनी पहिला मणी ओढला.